३६ला ठळक बँड, १७ला काहीच नाही: व्ही-सार्क पेशींतल्या कॅल्मोड्युलिनचं फॉस्फरिलेशन कसं तपासावं

लातूरच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, कोंबडीत कॅन्सरची गाठ उठवणाऱ्या राउस सार्कोमा व्हायरसच्या व्ही-सार्क जनुकामुळे रूपांतरित झालेल्या (कॅन्सरसारख्या वाढू लागलेल्या) पेशींत, कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो, म्हणजे फॉस्फरिलेशन होतं, असं वाचलं. गाइड सरांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून साध्या आणि व्ही-सार्क अशा दोन्ही फायब्रोब्लास्ट पेशींचं लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, मागवला. मी १२ टक्क्यांचं जेल, नायट्रोसेल्युलोज आणि अँटी-फॉस्फोटायरोसिन (फॉस्फेट बसलेलं टायरोसिन ओळखणारी) अँटीबॉडी वापरून ब्लॉट केला, म्हणजे जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी झालेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने ओळखली. साध्या पेशींची लेन जवळजवळ कोरी आली, व्ही-सार्कच्या लेनमध्ये पुष्कळ बँड आले, ३६ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) तर एकदम ठळक. पण कॅल्मोड्युलिनच्या जागी, १७ला, काहीच नाही. प्रयोग फसला का? आणि फॉस्फेट बसल्यामुळे कॅल्मोड्युलिन बिघडतं आणि त्यातून पेशी कॅन्सरची होते, असं सेमिनारला सांगितलं तर चालेल का?"

आधी धीर देते. प्रयोग फसलेला नाही. साध्या पेशींची लेन जवळजवळ कोरी आणि व्ही-सार्कची लेन बँडांनी भरलेली, याचा अर्थ अँटीबॉडी काम करते आहे आणि टायरोसिनवरचे फॉस्फेट निदान काही प्रमाणात तरी टिकून तुमच्यापर्यंत पोचले आहेत. पहिल्याच ब्लॉटला एवढं मिळणं चांगलं आहे. पण या ब्लॉटवरून कॅल्मोड्युलिनबद्दल "फॉस्फेट आहे" असंही म्हणता येत नाही आणि "नाही" असंही. कारण कॅल्मोड्युलिन त्या मेम्ब्रेनवर होतं की नाही, हेच तुम्ही तपासलेलं नाही.

म्हणून तुमच्या दोन प्रश्नांचे मी तीन करते. कॅल्मोड्युलिन मेम्ब्रेनवर आहे का? असेल, तर त्यातल्या किती भागावर फॉस्फेट आहे? आणि तेवढ्या फॉस्फेटने पेशीत काही बदलतं का? सेमिनारमध्ये मुलं पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. मधला "किती" हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि परीक्षक नेमका तिथंच बोट ठेवतात.

पार्श्वभूमी तुम्ही वाचलेलीच असेल, म्हणून कामापुरतीच सांगते. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या सार्कोमाचा अर्क बारीक गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला आणि त्यातून पुन्हा गाठ उठते हे दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये. या व्हायरसचं सार्क जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतलं आहे, हे बिशप आणि वार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवलं. ते जनुक जे प्रथिन बनवतं ते कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवतं, हे १९७८ मध्ये कळलं. हा फॉस्फेट टायरोसिनवर बसतो, हे मात्र त्यानंतर.

ते कसं कळलं हे सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. १९७९ मध्ये टोनी हंटर पॉलिओमा व्हायरसच्या मिडल-टी प्रथिनाबरोबर अवक्षेपित होणारं कायनेज तपासत होते. फॉस्फेट लागलेली अमिनो आम्लं वेगळी करायला तेव्हा पीएच १.९चा बफर वापरत, आणि त्यात फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. हंटर यांच्याकडचा बफर पुन्हापुन्हा वापरून जुना झाला होता, त्याचा पीएच १.७वर उतरला होता, आणि त्यात हे दोन ठिपके सुटे झाले. तोवर फॉस्फोटायरोसिन समोर असूनही थ्रिओनिनच्या नावावर जमा होत होतं. साध्या पेशीत प्रथिनांवरच्या एकूण फॉस्फेटपैकी टायरोसिनवरचा भाग ०.०३ टक्क्यांच्या आसपास असतो. व्ही-सार्क आलं की तो कित्येक पटींनी वाढतो, तरीही सेरीन-थ्रिओनिनच्या तुलनेत थोडाच राहतो. एवढी कमी असलेली गोष्ट दिसणं न दिसणं हे पद्धतीच्या बारीकसारीक तपशिलांवर ठरतं. तुमच्या १७च्या रिकाम्या जागेचंही तेच आहे.

आता कॅल्मोड्युलिनकडे वळू. १४८ अमिनो आम्लांचं, साधारण १६.७ किलोडाल्टनचं, अतिशय आम्लधर्मी प्रथिन. कॅल्शियम धरणाऱ्या चार ईएफ-हँड घड्या. टायरोसिन दोनच, ९९ आणि १३८ क्रमांकाचे. लहान आणि आम्लधर्मी, या दोन गुणांमुळे ते ब्लॉटिंगमध्ये हमखास त्रास देतं. नेहमीच्या वेळेइतकं ट्रान्सफर चालवलं तर ते नायट्रोसेल्युलोजमधून आरपार निघून जातं. जे चिकटतं तेही पक्कं चिकटत नाही, ट्वीन या सौम्य डिटर्जंटच्या धुण्यात निघून जातं. ३६चा बँड झकास आणि १७ला शुकशुकाट, हे चित्र आमच्याकडच्या मुलांच्या ब्लॉटमध्येही दिसतं, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं.

त्यामुळे फॉस्फोटायरोसिन तूर्त बाजूला ठेवा. आधी एकूण कॅल्मोड्युलिन ओळखणाऱ्या अँटीबॉडीने ब्लॉट करा. जेल १५ टक्क्यांचं घ्या. मेम्ब्रेन पीव्हीडीएफ, तेही ०.२ मायक्रॉन छिद्रांचं. ट्रान्सफरचा वेळ कमी करा, आणि मागे दुसरं मेम्ब्रेन लावा म्हणजे आरपार जातंय का हे कळेल. ट्रान्सफर झाल्यावर, ब्लॉकिंगच्या आधी, मेम्ब्रेन ०.२ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवा. त्याने प्रथिन मेम्ब्रेनवर जखडलं जातं. ग्लुटराल्डिहाइड पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) बनवा, ट्रिस बफरमध्ये नको. ट्रिसमध्ये स्वतःचाच अमिनो गट असल्याने ग्लुटराल्डिहाइड त्याच्यावरच खर्च होतो. माझ्या अनुभवात या एका पायरीने जेवढा फरक पडतो, तेवढा अँटीबॉडी बदलून पडत नाही. एकच काळजी घ्या: काही अँटीबॉडींना ग्लुटराल्डिहाइडने बदललेला भाग ओळखता येत नाही, म्हणून शुद्ध कॅल्मोड्युलिनची एक लेन सोबत हवीच. गायीच्या मेंदूतून काढलेलं विकत मिळतं, आणि थोडं घेतलं तरी वर्षभर पुरतं.

त्या शुद्ध कॅल्मोड्युलिनच्या दोन लेन करा. एकीच्या सॅम्पल बफरमध्ये ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, दुसरीत ५ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन). प्रथिनं उलगडणारं एसडीएस हे डिटर्जंट असतानाही कॅल्मोड्युलिन कॅल्शियम सोडत नाही, आणि कॅल्शियम धरलेलं रूप जेलमध्ये जास्त वेगाने धावतं. ईजीटीएच्या लेनमध्ये तेच प्रथिन वर, २०च्या आसपास, दिसू शकतं. म्हणजे तुम्ही १७वर पट्टी ठेवून बघत होतात, पण तुमच्या लायसेटच्या बफरमध्ये ईडीटीए किंवा ईजीटीए असेल तर बँड तिथं नसणारच. कॅल्शियम घातल्यावर खाली सरकणारा आणि ईजीटीए घातल्यावर वर जाणारा बँड म्हणजे कॅल्मोड्युलिनची ओळख पटवणारी जवळजवळ फुकटची चाचणी आहे. फॉस्फोटायरोसिनचा बँडही तसाच सरकला, तर तुमचं म्हणणं एकदम मजबूत होतं.

हे बसलं की मग फॉस्फेटकडे या. इथं सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते पेशी फोडल्यापासून उकळेपर्यंतच्या वेळेवर. पेशी फुटली की टायरोसिन फॉस्फटेज मोकळे सुटतात आणि फॉस्फेट काढायला लागतात. त्यांना आवरायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात, पण बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवून तशीच घातली तर फारसा उपयोग होत नाही, कारण व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना चिकटलेले असतात. २०० मिलिमोलर द्रावण करा, पीएच १०वर आणा. रंग पिवळा-केशरी असेल. उकळा, रंग जाईल. गार करा, पीएच पुन्हा बघा, तो बदललेला असेल. परत १०वर आणा, परत उकळा. पाण्यासारखं स्वच्छ राहून पीएच १०वर टिकलं की झालं. छोटे भाग करून गोठवा आणि लायसिस बफरमध्ये १ मिलिमोलर घ्या. डीटीटी आणि ईडीटीए याचा जोर मोडतात, तेव्हा ते त्याच बफरमध्ये भरमसाट नकोत.

तुमचं लायसेट पुण्याहून लातूरला आलं. थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, रात्रभराचा प्रवास, आणि पोचल्यावर फ्रीजरला वीज होती की नव्हती हे आपल्याकडे वेगळं विचारावं लागतं. उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या काळात उणे २० अंशांचा फ्रीजर किती वेळा वितळून पुन्हा गोठतो, हे मराठवाड्यात काम करणाऱ्याला सांगायला नको. शिवाय ते लायसेट बहुधा रिपा बफरमधलं असणार, म्हणजे त्यात एसडीएस, डीऑक्सिकोलेट, ट्रायटन सगळं आलं. ब्लॉटला ते चालतं, पण पुढं ज्या पायऱ्या सांगते आहे त्यांना चालत नाही. म्हणून गाइड सरांना विनंती करा की पुढच्या खेपेला दोन गोष्टी मागवाव्यात. एक, प्लेटवरच गरम एसडीएस सॅम्पल बफर ओतून खरवडलेला आणि लगेच उकळलेला नमुना. यात फॉस्फटेजना संधीच मिळत नाही, आणि वाटेत थोडं गरम झालं तरी फॉस्फोटायरोसिनला तितकासा धोका नाही. दुसरं, न फोडलेल्या पेशींचे गोठवलेले पेलेट (गोळे), कोरड्या बर्फात. ते तुमच्या हाताने, तुमच्या बफरमध्ये फोडायचे.

पेलेट मिळाले की कॅल्मोड्युलिन वेगळं काढणं अवघड नाही. डिटर्जंट न वापरता, पातळ बफर आणि सोनिकेशनने पेशी फोडा, आणि व्हॅनाडेट विसरू नका. मग फिरवून वर राहिलेलं पाणी (सुपरनेटंट) ९०-९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फात. ट्यूबमध्ये बघा, आधी दुधाळ होतं, मग पांढरा गोळा धरतो. पेशीतली बहुतेक प्रथिनं, फॉस्फटेजसुद्धा, त्या गोळ्यात जातात. कॅल्मोड्युलिन वरच्या पाण्यात शाबूत राहतं, उष्णतेने उलगडलं तरी गार झाल्यावर पुन्हा घडी घालतं. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या, त्यात कॅल्शियम घाला आणि फिनाइल-सेफारोजच्या मण्यांवर ट्यूबमध्येच फिरवा. कॅल्शियम धरलं की कॅल्मोड्युलिनचा जलविरोधी भाग उघडा पडतो आणि ते मण्यांना चिकटतं. कॅल्शियम आणि मीठ असलेल्या बफरने धुवा, आणि ५ मिलिमोलर ईजीटीएने सोडवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच ४० अंशांच्या पुढं असते. जलविरोधी चिकटणं उष्णतेत वाढतं, त्यामुळे नको ती प्रथिनंही जास्त चिकटतात. धुणं वाढवा किंवा ही पायरी सकाळी लवकर उरका.

कॅल्शियम घातलेल्या कोणत्याही पायरीत एक सावधगिरी लागते. पेशीत कॅल्पेन नावाचे प्रोटीएज असतात, ते कॅल्शियमनेच जागे होतात. ल्युपेप्टिन घाला, आणि प्रोटीएज इन्हिबिटरचं कॉकटेल घेताना ईडीटीए नसलेलं घ्या. ईडीटीएवालं घेतलंत तर तुम्ही घातलेला कॅल्शियम तेच पकडून ठेवेल, कॅल्मोड्युलिन मण्यांना चिकटणार नाही, आणि "कॅल्मोड्युलिन नाहीच" असा उलटा निष्कर्ष निघेल.

अशा गोळा केलेल्या नमुन्यावर मग अँटी-फॉस्फोटायरोसिन लावा. ब्लॉकिंगला दूध नको, बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन आहे. वेगवेगळ्या क्लोनच्या अँटीबॉडींना फॉस्फोटायरोसिनच्या शेजारची अमिनो आम्लं कमीअधिक मानवतात, म्हणून एका क्लोनने दिसलं नाही तर दुसरा वापरून बघा. आणि जे दिसेल ते खरंच फॉस्फोटायरोसिन आहे का यासाठी एक पट्टी अशी करा की अँटीबॉडीत आधीच काही मिलिमोलर मोकळं फॉस्फोटायरोसिन मिसळलेलं असेल. खरा बँड नाहीसा होईल, खोटा तसाच राहील.

टायरोसिन ९९बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त रस तिथं आहे. तिसऱ्या ईएफ-हँडची कॅल्शियम धरणारी घडी ९३ ते १०४ या १२ अमिनो आम्लांची आहे. त्यातल्या सातव्या जागेवर टायरोसिन ९९ बसतं. या सातव्या जागेचं वैशिष्ट्य असं की तिथला अमिनो आम्लाचा बाजूचा गट कॅल्शियमला धरत नाही, मुख्य साखळीतला ऑक्सिजन धरतो. म्हणजे टायरोसिनचा पाठीचा कणा कॅल्शियमला टेकलेला, आणि ज्यावर फॉस्फेट बसतो ते टोक बाहेर निघालेलं. त्यामुळे तिथं दोन ऋणभारांचा फॉस्फेट बसल्यावर कॅल्शियमची पकड, त्या भागाचा आकार आणि समोरच्या एन्झाइमशी होणारी मिठी, या तिन्हींवर परिणाम होण्याची शक्यता आहे, पण कॅल्शियम धरणं पूर्ण बंद पडलंच पाहिजे असंही नाही. उलट बाजूही आहे. परीक्षानळीत सार्क कायनेज कॅल्शियम नसलेल्या कॅल्मोड्युलिनवर फॉस्फेट चांगला बसवतं, आणि कॅल्शियम घातला की ते मंदावतं. म्हणजे जिवंत पेशीत त्या क्षणी कॅल्शियम किती आहे, पेशी दाट वाढल्या आहेत की विरळ, सीरम कधी बदललं, यावर तुमचा आकडा हलणार. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत म्हणून कोणीतरी चुकलंच असं धरू नका.

आता तुमच्या ३६च्या बँडकडे वळते. माझ्या मते तुमच्या ब्लॉटमधली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती बाजूला सारली. राउस सार्कोमा व्हायरसने रूपांतरित केलेल्या पेशींत ३६ किलोडाल्टनच्या आसपासचं एक प्रथिन टायरोसिनवर भरपूर फॉस्फेट घेतं, हे १९७९-८० पासून माहीत आहे. तेव्हा त्याला पी३६ म्हणत, पुढं कॅल्पॅक्टिन म्हणू लागले, आज त्याला अ‍ॅनेक्सिन ए२ म्हणतात. आणि तेही कॅल्शियम धरणारंच प्रथिन आहे. ईएफ-हँड पद्धतीने नव्हे, त्याची घडी निराळी. कॅल्शियम असला की ते पेशीपटलाच्या ऋणभारित लिपिडना चिकटतं. फॉस्फेट बसतो तो त्याच्या सुरुवातीच्या शेपटीतल्या टायरोसिन २३वर. पहिलं मेथिओनिन धरून मोजणारे त्याला २४ म्हणतात. याच शेपटीला पी११ नावाचं लहान प्रथिन येऊन मिळतं. ते ईएफ-हँड घराण्यातलं असूनही कॅल्शियम धरण्याची ताकद गमावून बसलेलं आहे.

तुमचा बँड म्हणजे अ‍ॅनेक्सिन ए२च, असं मी इथं बसून सांगणार नाही. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजही त्याच वजनाचं असतं आणि त्यावरही व्ही-सार्क पेशींत टायरोसिन फॉस्फेट सापडला आहे. पण तपासायची पद्धत महागडी नाही. पेलेट १ मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या, डिटर्जंट नसलेल्या बफरमध्ये फोडा आणि जोरात फिरवा. अ‍ॅनेक्सिन पटलांबरोबर खाली बसेल, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वर राहील. खालचा गाळ कॅल्शियमच्याच बफरने धुऊन मग १० मिलिमोलर ईजीटीएमध्ये ढवळा आणि पुन्हा फिरवा. या वेळी वर आलेल्या पाण्यात ३६चा फॉस्फोटायरोसिन बँड असेल, तर अ‍ॅनेक्सिनची शक्यता फार वाढते. शेवटचा शिक्का अ‍ॅनेक्सिन ए२च्या अँटीबॉडीने. तुमच्या प्रबंधाचा विषय "रूपांतरित पेशींतल्या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांचं फॉस्फरिलेशन" असा थोडा रुंद करता आला, तर कॅल्मोड्युलिनचा निकाल काहीही लागो, तुमच्या हातात पक्कं काम राहील. गाइड सरांशी हे जरूर बोला.

आता "किती" या प्रश्नाकडे. जायकवाडीत पाणी आलं ही एक बातमी आणि जायकवाडी किती टक्के भरलं ही दुसरी. नांदेड-परभणीचा शेतकरी दुसरी ऐकल्याशिवाय पेरणीचं ठरवत नाही. फॉस्फेटचंही तसंच. बँड दिसला म्हणजे शंभरातल्या एका रेणूवर फॉस्फेट आहे की पन्नासांवर, हे कळत नाही. कॅल्मोड्युलिन पेशीत मुबलक असतं. त्यातल्या एक टक्क्यावर फॉस्फेट बसला आणि त्याने काम बिघडलं असं धरलं, तरी बाकीचे ९९ टक्के रेणू कामावर आहेतच. अशा वेळी "बिघडलेल्या" रेणूंनी पेशीचा कारभार कसा बदलला, हे वेगळं दाखवावं लागतं. एक टक्का नवं काम करू लागला असेल तर गोष्ट निराळी, पण मग ते नवं काम कोणतं ते सांगावं लागेल.

तुलना करताना आणखी एक अडचण आहे. रूपांतरित फायब्रोब्लास्टमध्ये एकूण कॅल्मोड्युलिनच वाढलेलं आढळतं. तुम्ही अ‍ॅक्टिनशी (तुलनेसाठी नेहमी मोजतात त्या प्रथिनाशी) भागाकार केला तर व्ही-सार्कच्या लेनमध्ये फॉस्फो-कॅल्मोड्युलिन फुगवून दिसेल. भागाकार एकूण कॅल्मोड्युलिननेच करा.

खरं मोजमाप हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करून त्यांचं नेमकं वजन मोजणं. ट्रिप्सिनने कापल्यावर टायरोसिन ९९ ज्या तुकड्यात येतं तो ९१ ते १०६ असा असतो, मधल्या ९४व्या लायसिनपाशी काप पडला तर ९५ ते १०६. फॉस्फेट असलेला तुकडा ७९.९६६ डाल्टनने जड भरतो. आता नीट बघा: याच तुकड्यात सेरीन १०१ आहे, आणि त्यावर केसीन कायनेज २ फॉस्फेट बसवू शकतं. वजन दोन्हीकडे तितकंच वाढतं. म्हणून नुसतं "८० डाल्टन वाढलं" हा अहवाल घेऊन समाधान मानू नका. तुकडा आणखी फोडून फॉस्फेट नेमका कुठं आहे हे दाखवणारा स्पेक्ट्रम मागा. नमुना पाठवताना हे आधीच लिहून द्या, नंतर मागितलं तर यंत्रावर पुन्हा पाळी लागत नाही. लातूर-नांदेडकडच्या मुलांनी पुण्याबरोबर हैदराबादच्या संस्थांतही विचारावं, अंतराने तेही आपलंच. पी-३२ (किरणोत्सारी फॉस्फरस) वापरून जुन्या पद्धतीने करावं का, असं कोणी सुचवेल. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, ढाली, कचऱ्याची सोय, हे सगळं असलेल्या ठिकाणीच ते करावं. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्याची गरज नाही.

राहिला सेमिनारचा प्रश्न. "फॉस्फरिलेशनमुळे कॅल्मोड्युलिन बिघडतं आणि त्यातून कॅन्सर होतो" हे वाक्य बोलू नका. व्ही-सार्क प्रथिनाला स्वतःला आवरणारी शेपटी नसते. सी-सार्कमध्ये, म्हणजे पेशीतल्या मूळ रूपात, टायरोसिन ५२७वरचा फॉस्फेट ते कायनेज मिटवून ठेवतो, तो भागच व्ही-सार्कमध्ये गळालेला आहे. त्यामुळे ते सतत चालू राहतं आणि हाताशी येईल त्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं: व्हिन्क्युलिन, इनोलेज, अ‍ॅनेक्सिन, आणखी कितीतरी. यातलं रूपांतराला कारण कोणतं आणि वाटेत सापडलं म्हणून फॉस्फेट घेऊन बसलेलं कोणतं, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. १९८६ मध्ये तो सोडवायचा एक चांगला मार्ग मिळाला. व्ही-सार्कच्या सुरुवातीच्या ग्लायसिनवर मिरिस्टिक आम्ल लागतं आणि त्यामुळे ते पेशीपटलाला धरून राहतं. ते लागू न देणारा बदल केला, तर कायनेज चालू राहतं, तोवर माहीत असलेल्या लक्ष्य-प्रथिनांवर फॉस्फेट बसतो, पण पेशी रूपांतरित होत नाही. म्हणजे फॉस्फेट बसलेला दिसणं आणि पेशी बदलणं या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येतात. तुमच्या वाक्याला परीक्षकांनी हा एक दाखला दिला तर उत्तर देणं कठीण जाईल.

कॅल्मोड्युलिनपुरतं बोलायचं तर टायरोसिन ९९वरच्या फॉस्फेटचा परिणाम एन्झाइमगणिक बदलतो. एखादं एन्झाइम त्याने जास्त चालतं, एखादं कमी, एखाद्याला फरकच पडत नाही. जनुक बंद करून बघावं म्हटलं तर सस्तन प्राण्यांत हुबेहूब एकच कॅल्मोड्युलिन बनवणारी तीन वेगवेगळी जनुकं असतात, त्यामुळे एक काढून भागत नाही. टायरोसिनच्या जागी फिनाइलअ‍ॅलानिन घातलेलं रूप पेशीत चालवून बघता येतं, पण मूळचं कॅल्मोड्युलिन तिथं असतंच. टायरोसिनच्या जागी ग्लुटामेट घालून "हे फॉस्फेटसारखंच" असं म्हणणारे पेपर वाचाल तेव्हा जपून वाचा. ग्लुटामेट आकाराने फॉस्फोटायरोसिनपेक्षा बराच लहान आणि त्याच्यावर ऋणभारही कमी.

सेमिनारला असं म्हणा: व्ही-सार्कने रूपांतरित पेशींत कॅल्मोड्युलिनवर टायरोसिन फॉस्फेट आढळला आहे, परीक्षानळीत कॅल्शियम त्याला आळा घालतो, ९९ क्रमांकाची जागा कॅल्शियमच्या घडीतच आहे म्हणून तो बदल महत्त्वाचा असू शकतो, आणि रूपांतरात त्याचा वाटा किती हे ठरवायला किती टक्के रेणूंवर तो आहे हे आधी मोजावं लागेल. एवढं बोललात तर प्रश्न येतील, पण ते तुम्हाला पुढं नेणारे असतील. कॅल्शियम आणि ईजीटीएच्या दोन लेनचा फोटो मात्र पडद्यावर दाखवाच. बँड सरकलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की बसलेल्यांना कॅल्मोड्युलिन काय चीज आहे ते निम्मं तिथंच कळतं.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी शुद्ध कॅल्मोड्युलिनच्या दोन लेन आणि ग्लुटराल्डिहाइड, मग तुमच्या आहे त्याच लायसेटमध्ये एकूण कॅल्मोड्युलिन, त्याच जेलच्या उरलेल्या लेनवर अ‍ॅनेक्सिन ए२. हे सगळं तुमच्याकडे आज असलेल्या लायसेटवर होईल, जादा खर्च दोन अँटीबॉडी, शुद्ध कॅल्मोड्युलिन आणि मेम्ब्रेनचा. नवे पेलेट येईपर्यंत व्हॅनाडेट करून ठेवा. मास स्पेक्ट्रोमेट्रीला एकूण कॅल्मोड्युलिनचा स्वच्छ बँड हाती आल्याशिवाय नमुना पाठवू नका, पैसे जातील.

पुढचा ब्लॉट झाला की फोटो इथंच टाका. पूर्ण मेम्ब्रेनचा टाका, कापलेला नको. सोबत जेलची टक्केवारी, मेम्ब्रेनच्या छिद्रांचं माप, ट्रान्सफरचा वेळ आणि व्होल्टेज, लायसिस बफरमध्ये ईडीटीए होतं का, आणि फॉस्फोटायरोसिनच्या अँटीबॉडीचा क्लोन कोणता, एवढं लिहा. पुण्याच्या प्रयोगशाळेने पेशी किती दाटीवर गोळा केल्या हेही त्यांना विचारून ठेवा. यापैकी बफरची माहिती आधी मिळाली तर आत्ताच कळवा. त्यात ईडीटीए असेल, तर तुमचा बँड जुन्याच मेम्ब्रेनवर १७च्या जरा वर शोधायला हवा, आणि त्यासाठी मेम्ब्रेन अजून टाकून दिलेलं नसेल तर बरं.